जुन्या इंजिनावरचा नवा गेम : 'आयन फ्युरी'चे गुण-दोष



मागच्या अंकासाठी मुलांकडून 'माझे आवडते पुस्तक' या विषयावर लेख मागवले होते. दहावीच्या एका विद्यार्थ्याने विषय बाजूला ठेवून 'माझा आवडता गेम' असे शीर्षक दिले आणि चार पाने भरून आणली. शेवटी चौकटीच्या वहीचे एक पान जोडलेले होते, त्यावर पेन्सिलीने काढलेला एक नकाशा. पत्रकाचे काम पाहणाऱ्या बाईंनी तो लेख आमच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, याचं काय करायचं ते आपणच ठरवा."

गेम बंदुकीचा आहे. गोष्ट विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठ सदस्यांच्या कानावर गेली. शाळेच्या पत्रकात असल्या खेळांचे नावसुद्धा नको, असे त्यांनी फोनवर स्पष्ट सांगितले. मुलाच्या वडिलांचे म्हणणे वेगळे. ते म्हणाले, "सर, घरी मराठी वर्तमानपत्र उघडत नाही हा मुलगा. पहिल्यांदाच आपणहून चार पानं मराठीत लिहिली आहेत. तेवढं बघा." दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते. आम्ही दोघांनाही 'बघतो' म्हणालो. मात्र न खेळलेल्या खेळावर निकाल द्यायचा तर तो न वाचलेल्या उत्तरपत्रिकेला गुण देण्यासारखा झाला असता. म्हणून दिवाळीच्या सुटीत चार संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. गेम मोठ्या भावाच्या संगणकावर होता. तो इंजिनिअरिंगला आहे, वयाने वीस वर्षांचा. त्याने आम्हांला शेजारी बसवून शिकवले आणि काही ठिकाणी स्वतः खेळून दाखवले. धाकट्याला आम्ही बाहेरच्या खोलीत बसायला सांगितले, कारण गेमवर सतरा वर्षांवरील वयाची खूण आहे. तो मुकाट्याने गेला, पण दारातून म्हणालाच, "सर, मी तो तीनदा पूर्ण केलाय." पुढे चारही दिवस बाहेरून सूचना येत राहिल्या. "सर, डावीकडे! सर, मागे बघा!"

गेमचे नाव 'आयन फ्युरी'. या जातीच्या गेमला फर्स्ट पर्सन शूटर म्हणतात. व्याकरणातला प्रथम पुरुष आपल्याला ठाऊक आहे, हा तोच. खेळणाऱ्याला आपले पात्र दिसत नाही, दिसतात ते फक्त पुढे आलेले हात आणि हातातले शस्त्र. बाकी सगळे जग आपल्या डोळ्यांनी पाहावे तसे समोर येते. अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने १९९२ मध्ये 'वुल्फेन्स्टाइन थ्रीडी' आणि डिसेंबर १९९३ मध्ये 'डूम' काढला, तेव्हापासून हा प्रकार जगभर पसरला. जानेवारी १९९६ मध्ये थ्रीडी रिअल्म्सचा 'ड्यूक न्यूकेम थ्रीडी' आला आणि त्याच वर्षी जूनमध्ये इडचाच 'क्वेक'. 'क्वेक'पासून खऱ्या अर्थाने त्रिमितीत बांधलेल्या जगाचे दिवस सुरू झाले आणि आधीची पद्धत मागे पडली. आज पालक असलेल्यांपैकी अनेकांनी हे गेम कॉलेजच्या दिवसांत पाहिले असतील. आमच्या पिढीने मात्र ते केवळ मुलांच्या पाठीमागे उभे राहून, रागावण्यापुरतेच पाहिले.

गेल्या आठ-दहा वर्षांत या जुन्या धाटणीचे गेम पुन्हा निघू लागले. त्यांना रेट्रो म्हणतात. त्यांतले बरेच नव्या सामग्रीवर जुने रूप चढवतात. उदाहरणार्थ, २०१८ चा 'डस्क' हा डेव्हिड शिमान्स्की या एका माणसाने मुख्यतः एकट्याने घडवलेला गेम. तो पाहायला १९९६ सालचा वाटतो, पण आतले यंत्र आजचे. 'आयन फ्युरी'चे तसे नाही. तो खरोखरच 'ड्यूक न्यूकेम'च्या इंजिनावर उभा आहे. आपल्याकडे जुना वाडा पाडून सिमेंटची इमारत बांधतात आणि दर्शनी बाजूला लाकडी कमान लावतात. तो एक प्रकार झाला. जुन्याच जोत्यावर जुन्याच पद्धतीने नवा मजला चढवणे हा दुसरा. 'आयन फ्युरी' या दुसऱ्या प्रकारातला आहे. तो समजून घेण्यासारखा वाटला तो यामुळेच.

इंजिन म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांसाठी थोडे सांगितले पाहिजे. गेममधील चित्रे, पात्रे, आवाज हा झाला माल. तो माल घेऊन, खेळणारा कुठे उभा आहे आणि कुठे पाहतो आहे याचा हिशेब करून, सेकंदाला अनेक वेळा पडद्यावर चित्र उभे करणारी आज्ञावली म्हणजे इंजिन. इथल्या इंजिनाचे नाव 'बिल्ड'. ते केन सिल्व्हरमन या अमेरिकन तरुणाने लिहिले. त्याचा जन्म १९७५ चा. 'केन्स लॅबिरिंथ' हा त्याचा पहिला गेम १९९३ मध्ये बाजारात आला तेव्हा तो अठरा वर्षांचाही नव्हता, आणि 'ड्यूक न्यूकेम' निघाला तेव्हा वीस वर्षांचा होता. बारावीच्या मुलांनी हा हिशेब जरा पुन्हा करून पाहावा.

जून २००० मध्ये सिल्व्हरमनने आपल्या इंजिनाची आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. २००३ मध्ये 'ड्यूक न्यूकेम'चीही आज्ञावली खुली झाली. मग जगभरच्या हौशी लोकांनी तिच्यात सुधारणा केल्या, ती नव्या संगणकांवर चालती ठेवली आणि तिच्यावर आपापले नकाशे रचले. व्हॉइडपॉइंट ही 'आयन फ्युरी' बनवणारी मंडळी याच हौशी लोकांतून आली. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्यांनी गेमचा थोडा भाग विक्रीला ठेवला. तेव्हा नाव होते 'आयन मेडन'. 'आयर्न मेडन' या इंग्लंडच्या प्रसिद्ध बँडच्या कंपनीने मे २०१९ मध्ये नावाच्या साधर्म्यावरून वीस लाख डॉलरचा दावा लावला, जुलैमध्ये नाव बदलले आणि १५ ऑगस्ट २०१९ रोजी पूर्ण गेम 'आयन फ्युरी' या नावाने बाहेर पडला. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये 'आफ्टरशॉक' नावाची पुरवणीही आली.

आता गुण. पहिला आणि सर्वांत मोठा गुण जागांच्या रचनेत आहे, आणि तो समजायला मुलाचा तो पेन्सिलीचा नकाशाच आम्हांला उपयोगी पडला.

बिल्ड इंजिनात जग कागदावर काढतात. वरून पाहिल्यासारखे. प्रत्येक खोली म्हणजे एक बहुभुज, त्याला सेक्टर म्हणतात. बहुभुजाच्या शिरोबिंदूंना दोन निर्देशक. (आमचे बी.एस्सी. हिंदी माध्यमातून झाले. तिथे 'निर्देशांक' म्हणत, आणि भूमितीला 'ज्यामिति'. वर्गात अजूनही आमच्या तोंडून तेच निघते आणि पहिल्या बाकावरच्या मुली हसतात.) मग प्रत्येक सेक्टरला आणखी दोन संख्या द्यायच्या, जमीन किती उंचीवर आणि छत किती उंचीवर. झाली खोली. भिंती सरळ उभ्याच राहणार, जमीन व छत मात्र सपाट किंवा उतरते ठेवता येते. मैदान हवे असेल तर छताच्या जागी आकाशाचे चित्र लावायचे. आपल्या सभागृहातील व्यासपीठ हवे असेल तर सभागृहाच्या बहुभुजात एक लहान आयत काढून त्याची जमीन मीटरभर उचलायची. जिना म्हणजे ओळीने काढलेले अरुंद आयत, प्रत्येकाची जमीन आधीच्यापेक्षा पंधरा सेंटिमीटर वर.

आता टेबल काढा. लहान आयत, जमीन पाऊण मीटर वर. वरून टेबलासारखे दिसेल, पण खालून रांगत जाता येणार नाही. ते आतून भरीव, ओट्यासारखे झाले. कारण एका सेक्टरात एका बिंदूला जमिनीची एकच उंची असते, दोन असू शकत नाहीत. अकरावीत फलनाची व्याख्या शिकाल तेव्हा हे वाक्य आठवा. प्रत्येक बिंदूला एक आणि एकच किंमत, हेच तर फलन. टेबलाखालची पोकळी हवी असेल तर 'ड्यूक न्यूकेम' करणाऱ्यांप्रमाणे एक सपाट चित्र हवेत आडवे टांगावे लागते. पूलही ते तसेच बांधत.

आणि आपली शाळा? तळमजल्यावर ग्रंथालय, त्याच्या बरोबर वर प्रयोगशाळा. कागदावर दोन्ही बहुभुज एकाच जागी येतात. 'डूम'मध्ये हे शक्यच नव्हते, कारण तिथे नकाशाची फोड आधीच करून ठेवलेली असे आणि तीत एका जागी एकच खोली बसे. सिल्व्हरमनचे इंजिन निराळ्या वाटेने जाते. तुम्ही ज्या सेक्टरात उभे आहात तिथून ते सुरुवात करते, त्याच्या भिंती रेखते, एखादी भिंत दारासारखी उघडी असेल तर तिच्यातून पलीकडच्या सेक्टरात डोकावते, तिथल्या उघड्या भिंतीतून आणखी पुढे. जे दारातून दिसत नाही त्याचा विचारच नाही. त्यामुळे कागदावर दोन खोल्या एकमेकींवर आल्या तरी चालतात. अट एकच, दोन्ही एकाच वेळी दिसता कामा नयेत. दिसल्या तर चित्र फाटते. लिफ्ट दाखवायची असेल तर त्याहून गमतीचा मार्ग होता. वरचा मजला कागदावर दूर कुठेतरी काढायचा, खाली-वर हुबेहूब सारख्या दोन लिफ्ट करायच्या आणि प्रवासात खेळणाऱ्याला गुपचूप एकीतून दुसरीत नेऊन ठेवायचे. पाण्यात बुडी मारण्याचेही तसेच. पाण्याखालचे जग नकाशात भलतीकडेच असे. पुढे हौशी मंडळींनी इंजिनात भर घालून एकावर एक खोल्या खरोखर ठेवण्याची सोय केली.

या मर्यादांची इतकी वर्षे सवय झालेल्या माणसांनी 'आयन फ्युरी'चे रस्ते, दुकाने, कार्यालये, तळघरे रचली आहेत, आणि ती कसबी हातांनी रचलेली आहेत हे खेळता न येणाऱ्यालाही कळते. निओ डीसी नावाचे भविष्यातले शहर आहे. एका चौकात उभे राहिले की समोरच्या इमारतीच्या गच्चीवर काहीतरी ठेवलेले दिसते. तिथे जायचे कसे, ते कळत नाही. पंधरा मिनिटांनी आपण भलत्याच जिन्याने, एका खिडकीतून, त्याच गच्चीवर येतो आणि खाली तोच चौक दिसतो. त्या क्षणी शेजारी बसलेला मोठा भाऊ आमच्याकडे पाहून हसला; त्याला ठाऊक होते. जागोजागी चोरखोल्या आहेत. दिव्याची बटणे दाबता येतात, नळ सोडता येतो. पुढे कुठे जायचे ते सांगणारा बाण पडद्यावर कुठेही नाही. रंगीत कार्ड शोधा, त्या रंगाचे दार शोधा, वाट लक्षात ठेवा. आजच्या कितीतरी गेममध्ये खेळणारा बाणाच्या मागे गाईसारखा चालतो, असे मोठ्या भावाचे मत. आम्ही तुलना करू शकत नाही. मात्र धाकट्याने तो नकाशा आठवणीने काढला होता आणि तो बराचसा बरोबर होता, हे आम्ही पडद्याशी ताडून पाहिले.

दुसरा गुण वेगाचा. नायिका शेली हॅरिसन, बॉम्ब निकामी करणारी तज्ज्ञ, अक्षरशः धावते. थांबून आडोशाला बसून राहण्याचा हा खेळ नव्हे. शत्रू आणि पात्रे कागदी कटआऊटसारखी आहेत, म्हणजे निरनिराळ्या कोनांतून काढलेली चपटी चित्रे, जी नेहमी आपल्याकडेच तोंड करून उभी राहतात. जत्रेतल्या फोटोच्या दुकानात असतात तशी. पण काढणाऱ्यांनी ती मन लावून काढली आहेत. हत्यारे थोडी आहेत आणि बहुतेकांचा उपयोग दोन तऱ्हांनी होतो. कुठले कधी काढायचे याचा विचार सतत करावा लागतो. जार्को रोटस्टेन या संगीतकाराचे संगीत त्या धावण्याला साथ देते. ते आमच्या कानांना जरा जास्त झाले, पण बेसूर म्हणता येणार नाही.

तिसरा गुण पालकांनी लक्षात घ्यावा असा. गेम एकदा विकत घेतला की संपले. पुरवणी हवी तर तिचे वेगळे पैसे, पण आत नाणी, हिरे, पेट्या विकत घ्या असा तगादा नाही, जाहिराती नाहीत. एकट्याने खेळायचा आहे, अनोळखी माणसे कानात बोलत नाहीत. आणि तो संपतो. मोबाइलवरच्या ज्या गेमला पालक 'निरुपद्रवी' म्हणतात, त्यांतले पुष्कळसे कधीच संपत नाहीत. ते मूल उठूच नये अशा हिशेबानेच बांधलेले असतात. गेल्या वर्षभरात आमच्याकडे गेमच्या नादाविषयी ज्या तक्रारी आल्या, त्यांतली एकही अशा जुन्या धाटणीच्या गेमबद्दल नव्हती, सगळ्या त्या मोबाइलवाल्या गेमबद्दलच्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०१९ मध्ये गेमच्या अनावर नादाला आजारांच्या यादीत स्थान दिले. तिथे प्रश्न बंदुकीचा नाही, खेळणे हाताबाहेर जाण्याचा आणि त्यापायी बाकीचे आयुष्य मागे पडण्याचा आहे.

दोषही पुष्कळ आहेत, आणि मुलाच्या लेखात त्यांपैकी एकही नव्हता. आमची त्याच्याबद्दलची पहिली तक्रार हीच.

शत्रूंमध्ये वैविध्य कमी आहे. एका माथेफिरू शास्त्रज्ञाचे अनुयायी झगे घालून येतात. झग्याचा रंग बदलला की हत्यार बदलते. पहिल्या दोन तासांत हे चालून जाते, सातव्यात नाही. त्यांच्यात भर म्हणून कोळ्यासारखे पाय फुटलेली डोकी जमिनीवरून सरपटत येतात. ती इतकी लहान की दिसण्याआधी चावतात, आणि मग खेळणारा पायांशी बघत गोळ्या झाडत बसतो. यात कौशल्य नाही, नुसता वैताग आहे. मोठा भाऊसुद्धा इथे चिडला. लांबवर अंधारात उभा असलेला शत्रू दिसायच्या आत नेम साधतो, तीही तीच गत. नियम कठीण असावेत, पण हरल्यावर 'आपले चुकले' असे वाटले पाहिजे. पेपर अवघड काढणे आणि प्रश्न अस्पष्ट छापणे यांतला फरक आम्हा शिक्षकांना चांगला ठाऊक आहे.

उत्तरार्धात शहर संपून प्रयोगशाळा आणि भुयारे सुरू होतात आणि रचनेतली मजा ओसरते. राखाडी बोळ, पुन्हा राखाडी बोळ, कार्ड सापडत नाही. बाण नसणे हा गुण आम्ही वर सांगितला. जागा एकमेकींसारख्या झाल्या की तोच दोष होतो. तिसऱ्या संध्याकाळी आम्ही पाऊण तास एकाच दाराभोवती फिरलो. शेवटी बाहेरच्या खोलीतून उत्तर आले. डोकेही गरगरू लागले होते, ते वयामुळे की गेममुळे हे सांगता येत नाही.

कथा म्हणावी असे काही नाही. डॉक्टर जेडस हेस्कल हा खलनायक अधूनमधून दर्शन देतो, धमक्या देतो, जातो. शेली प्रत्येक हाणामारीनंतर एखादे चुरचुरीत वाक्य टाकते, जुन्या अमेरिकन सिनेमांच्या धर्तीवर. एकदा ऐकले की हसू येते. विसाव्यांदा ऐकताना ग्रामोफोनची सुई अडकल्यासारखे वाटते. इथेच रेट्रो म्हणवणाऱ्या सगळ्याच गेमची एक अडचण दिसते. नव्वदच्या दशकातले काय ठेवायचे आणि काय टाकायचे याची निवड करावी लागते. व्हॉइडपॉइंटने रचना ठेवली, आपोआप जतन होण्यासारख्या आजच्या सोयी घेतल्या, हे शहाणपणाचे. पण त्या काळचा टवाळ विनोदही तसाच उचलला. समलिंगी माणसांची खिल्ली उडवणारे शब्द गेममध्ये सापडले तेव्हा ऑगस्ट २०१९ मध्ये त्यावर बराच गदारोळ झाला. निर्मात्यांनी माफी मागितली, बदल करू म्हणाले, आणि काही दिवसांतच गेममध्ये काटछाट करणार नाही असे सांगून त्यांतला एक विनोद तसाच ठेवला. आम्हांला हे आवडले नाही. आपल्या वर्गात एखाद्या मुलाला अशाच शब्दाने हिणवले जाते तेव्हा 'सर, गंमत केली' असेच उत्तर येते.

राहिला हिंसेचा मुद्दा. रक्त आहे, अवयव उडतात. चपट्या चित्रांमुळे ते बरेचसे बाहुल्यांच्या खेळासारखे वाटते, तरी शेवटी काम गोळ्या घालण्याचेच. आमच्या विश्वस्तांची काळजी अशी, की असे खेळून मुले हिंसक होतात. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने मार्च २०२० मध्ये या विषयावर ठराव केला. हिंसक गेममुळे प्रत्यक्ष हिंसाचार घडतो असे म्हणायला पुरेसा आधार नाही, असे त्यात म्हटले आहे. मात्र ओरडणे, ढकलाढकली अशा आक्रमकतेशी थोडासा संबंध दिसतो, हेही त्यात आहे. पालकांनी दोन्ही अर्धी वाचावीत. सोयीचे तेवढे घेऊ नये. वयाची खूण हा वेगळा आणि सोपा मुद्दा आहे. अमेरिकेत १९९४ पासून गेमना वयाची खूण देणारी व्यवस्था आहे, आणि या गेमला तिथे सतरा वर्षांवरील असे ठरवले आहे. आपला विद्यार्थी पंधरा वर्षांचा. मोठ्या भावाने त्याच्या हाती गेम द्यायला नको होता, हे आम्ही भावाला चहा पिताना सांगितले. त्याने मान खाली घातली. वडिलांनी, त्यांना खूण माहीतच नव्हती, असे कबूल केले. घरोघरी हीच स्थिती असावी. सिनेमाच्या तिकिटावरचे 'ए' आपण बघतो, गेमच्या कोपऱ्यातले 'एम' बघत नाही.

तेव्हा आम्ही लेख छापला नाही. मुलाला कार्यालयात बोलावून कारणासह सांगितले. शिफारस करणारा लेख, तोही ज्यांच्यासाठी तो गेम नाही अशा वाचकांकडे, आमच्या सहीने जाऊ शकत नाही. त्याला ते पटले नाही. तो म्हणाला, "सर, मी खेळलोच नसतो तर तो नकाशा मला कसा कळला असता?" आम्ही उत्तर शोधत होतो, तेवढ्यात मधल्या सुटीची घंटा झाली. खरे सांगायचे तर घंटेने आमची सुटका केली. त्याचा प्रश्न अजून आमच्यापाशी आहे. ज्येष्ठ विश्वस्तांनाही हा लेख आधी वाचून दाखवला. "मुलाचा नाही छापला आणि तुमचा छापता?" असे त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, मुलाच्या लेखात फक्त गुण होते. ते हसले, पण पूर्ण समाधान झालेले दिसले नाही.

त्या मुलाला आम्ही एक काम दिले आहे. गेमचा नकाशा बाजूला ठेव, त्याच पद्धतीने शाळेचा काढ. सेक्टर पाड, प्रत्येकाच्या जमिनीची आणि छताची उंची लिही. सहामाहीत भूमितीत फारसे गुण नसलेला हा मुलगा दोन शनिवार मोजपट्टी घेऊन शाळेत फिरतो आहे. शिपाईमामा पट्टीचे दुसरे टोक धरतात. तळमजला झाला, मैदान झाले, व्यासपीठ झाले. जिन्यापाशी मात्र अडले. आपला जिना मध्ये वळतो, आणि त्या वळणावर उभे राहिले की खाली ग्रंथालयाच्या उघड्या दारातून कपाटे दिसतात आणि वर प्रयोगशाळेच्या दारातून टेबले. दोन्ही खोल्या एकदम. १९९६ च्या नियमाने इथे चित्र फाटणार. तो परवा कार्यालयात येऊन विचारून गेला, "सर, वळणावर एक भिंत घातली तर चालेल का?" नसलेली भिंत नकाशात दाखवायची नाही, असे आम्ही सांगितले आहे. तेव्हापासून तो जिन्यावर बसून आहे.